सहा मीटर चाळीस सेंटीमीटर

मला शिंक आली नसती, तर सानपाड्याच्या आमच्या मुलींच्या शाळेचं ते अख्खं वर्ष सुरळीत गेलं असतं.

जूनमधली पालकसभा होती. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "यंदा पालक प्रतिनिधी म्हणून कोण काम करणार?" आणि सभागृहातले दीडशे पालक एकाच वेळी आपापल्या चपलांकडे बघू लागले. इतकी शांतता पसरली की पंख्याचा करकर आवाजसुद्धा दचकून थांबल्यासारखा वाटला. नेमक्या त्या क्षणी मला शिंक आली. साधीसुधी नव्हे. आमच्या घराण्यात शिंक आली की शेजारचे दार उघडून बघतात, तसली.

"वा! मोकाशी!" मुख्याध्यापिका म्हणाल्या आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सुटका झालेली माणसं किती मनापासून टाळ्या वाजवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर सुनीतीनं, म्हणजे माझ्या पत्नीनं, एवढंच म्हटलं, "तोंडावर रुमाल धरा म्हणून मी वीस वर्षं सांगतेय." आमची मुलगी ईश्वरी नववी 'ब'मध्ये होती. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. बाप शाळेत सारखा येणार, याहून मोठं संकट त्या वयात नसतं.

प्रतिनिधी झाल्यावर पहिल्याच बैठकीत माझ्यापुढे एक भांडण आलं. शनिवारचे शेवटचे दोन तास कुणाचे? विजयमालाबाई शारीरिक शिक्षण शिकवायच्या. साताऱ्याकडच्या, स्वतः एकेकाळी खो-खो गाजवलेल्या, आणि आवाज असा की त्यांना शिट्टीची गरजच नव्हती. "पोरी बाकावर बसून बसून बाकासारख्या झाल्यात," त्या म्हणाल्या. "ते दोन तास मला पाहिजेत." उज्वलाबाई विज्ञानाच्या. बारीक, हळू बोलणाऱ्या आणि अजिबात न हटणाऱ्या. "नववीच्या मुलींनी लिटमस कागद अजून पुस्तकातल्या चित्रातच पाहिलाय," त्या म्हणाल्या. "ते तास प्रयोगांना हवेत."

दोघी पाऊण तास बोलत होत्या. मला घरी जाताना दूध न्यायचं होतं. केवळ त्या दुधापायी मी म्हणालो, "मैदानातच विज्ञान शिकवा की! खो-खोचे खांब रोवा. एक तास खेळा, एक तास त्याच खांबांच्या सावल्या मोजा."

बोलून गेल्यावर मलाच वाटलं, अरे, हे बरं आहे. दोघी बाईंनी माना डोलावल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "उत्तम. मग खांबांचं मोकाशी बघतील." जुने खांब वाळवीनं खाल्ले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जाता जाता त्यांनी दारातून आणखी एक वाक्य टाकलं, "मात्र वर्षअखेरपर्यंत खांब उभे राहिले नाहीत, तर पुढच्या वर्षापासून शनिवारचे दोन्ही तास स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीला."

म्हणजे खो-खोही जाणार आणि विज्ञानही. दोघी बाई माझ्याकडे बघत होत्या. दूध राहिलंच.

दोन लाकडी खांब. जमिनीवर एक मीटर वीस सेंटीमीटर. दोन खड्डे, थोडी माती, एक रविवार. माझा हिशेब असा होता. पण मैदान शाळेचं नव्हतं, शाळेला वापरायला दिलेलं होतं, आणि ज्या कार्यालयाचं होतं त्याचं नाव मी घेणार नाही, कारण मला अजून याच गावात राहायचं आहे. तिथं खड्डा करायला परवानगी लागते असं कळलं.

आमच्या सोसायटीत सल्ल्यांना तोटा नाही. एक म्हणाले, पहाटे जाऊन गुपचूप खणा. दुसरे म्हणाले, आधी नगरसेवकाच्या मेहुण्याला भेटा. तिसऱ्या मजल्यावरचा निशांत संगणकातला. तो म्हणाला, "काका, टेन्शन कशाला घेता? ऑनलाइन टाकू ना अर्ज. पाच मिनटं."

अर्जात 'खांबाचा प्रकार' असा रकाना होता आणि पर्याय तीन: विजेचा, दूरध्वनीचा, इतर. 'इतर'वर बोट ठेवलं की अर्ज पुसला जायचा. चौथ्या वेळी निशांतनं 'विजेचा' दाबलं.

"अरे, पण आपला विजेचा नाहीये!"

"काका, खाली शेऱ्यात लिहू ना सगळं डिटेलमध्ये. एकदा अर्ज आत गेला की माणसंच वाचतात."

मी शेऱ्यात व्यवस्थित लिहिलं: 'मैदानाच्या मध्यरेषेवर, खो-खोसाठी, लाकडी, दोन नग.' माणसांनी वाचलंही असणार. पण फक्त 'मैदानाच्या मध्य' इथपर्यंत.

ऑगस्टमधल्या एका सकाळी ईश्वरीचा शाळेतून फोन आला. "बाबा, तुमचा खांब आलाय." आवाजात रडू होतं की हसू, कळेना. मी हाफ डे टाकून धावलो. मैदानाच्या बरोब्बर मध्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा लोखंडी खांब उभा होता. भोवती सिमेंटचा गोल ओटा. खांबावर पिवळ्या रंगात क्रमांक आणि त्याखाली '९ मी.' असं लिहिलेलं. वर दिवा नव्हता, कारण दिव्याचा विभाग वेगळा. विजयमालाबाई कमरेवर हात ठेवून खांबाकडे बघत होत्या. मग त्यांनी तसंच माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांत खांब जास्त उपयोगाचा आहे, असं त्यांचं मत झालेलं दिसलं.

मैदान इतकं छोटं की खो-खोची आखणी दुसरीकडे सरकवायला जागाच नव्हती. त्यामुळे खांब चौथ्या आणि पाचव्या बसलेल्या खेळाडूंच्या मधोमध आला.

मी कार्यालयात गेलो. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "साहेब, लोक खांब मिळावा म्हणून चार-चार वर्षं थांबतात. तुम्हाला दोन महिन्यांत मिळाला. आणि तुम्ही तक्रार करता?"

"पण मला हा नको होता. काढून न्या."

त्यांनी संगणकात बघितलं. "काढायचा पर्याय नाहीये." आणि सहानुभूतीनं विचारलं, "अजून एक हवाय का?"

त्यानंतर मी तिथं आणखी दहा वेळा गेलो. शेवटी शेवटी तिथला शिपाई मला बघून खुर्ची पुसायचा.

दरम्यान दुसरी आघाडी उघडली. मैदानाला लागून, उत्तरेच्या बाजूला, मालतीबाईंचं बैठं घर होतं. सत्तरीच्या, एकट्या, मूळच्या चिपळूणकडच्या. त्या थेट मुख्याध्यापिकांच्या खोलीत येऊन बसल्या. "माझ्या दारासमोर खांब? वास्तुशास्त्रात याला द्वारवेध म्हणतात! घरात काही बरंवाईट झालं तर शाळा जबाबदार."

मी समजूत घालायला गेलो. "मालतीबाई, हे सगळं मनाचे..."

"तुम्ही बोलू नका, मोकाशी. तुमच्या शिंकेची गोष्ट कळलीय मला."

सगळ्या सानपाड्याला कळली होती.

उज्वलाबाईंनी मात्र वाद घातलाच नाही. त्या म्हणाल्या, "आजी, दुपारी साडेबाराला खांबाची सावली बरोबर तुमच्या दाराच्या दिशेनं पडते. आत्ता छोटी आहे, पण थंडीत लांबत जाईल. किती लांबते ते आम्हाला रोज मोजायचंय. शाळेच्या दिवशी मुली मोजतील. पण रविवारी आणि सुट्टीत कुणी नसतं. तुम्ही लिहून ठेवाल का?"

शत्रू रोज किती पुढे सरकतो, याची नोंद ठेवायला कोण नाही म्हणेल? मालतीबाईंनी दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात केली. मुलींनी शिवणकामाची टेप आणि वही दिली होती. रविवारी मोजायचं ठरलं होतं, पण त्या रोजच मोजायच्या, आणि मुलींच्या आकड्यात दोन सेंटीमीटरचा फरक पडला तर मधल्या सुट्टीत येऊन वर्गाबाहेरून जाब विचारायच्या. त्यांच्या वहीत शेऱ्याचा रकानाही होता. 'ढग. सावली नाही.' 'कावळा बसलेला, त्याची सावली वजा केली.' दिवाळीच्या सुट्टीतल्या एकवीस दिवसांच्या एकवीस नोंदी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीचा शेरा मला अजून आठवतो: 'घरी पाहुणे. तरी मोजली.'

ही विज्ञानाची बाजू झाली. खेळाची बाजू माझ्या अंगावर आली, आणि हे मी शब्दशः सांगतोय.

खो-खोत दोन टोकांना खांब लागतात. पाठलाग करणारीला बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालावाच लागतो. परवानगी नसल्यामुळे आम्हाला खड्डा करता येत नव्हता. विजयमालाबाई म्हणाल्या, "मोकाशी, खांब तुम्ही आणायचा होता ना? आता व्हा खांब."

मला वाटलं, गंमत करताहेत. शनिवारी मी टोकाला उभा होतो. दुसऱ्या टोकाला हौसेराव. हा राजेश्वरीचा बाप. राजेश्वरी ईश्वरीच्याच वर्गातली, काटक, मोजकं बोलणारी आणि धावायला लागली की दिसेनाशी होणारी. हौसेराव मार्केटमध्ये माथाडी कामगार, कोरेगावकडचा. शनिवारी दुपारी पाळी संपवून यायचा. तो उभा राहिला की खरोखर खांब वाटायचा. मुली वळसा घालताना त्याच्या कमरेला हात लावून गर्रकन फिरायच्या, तो जागचा हलायचा नाही. मी मात्र प्रत्येक मुलगी जवळ आली की डोळे मिटून एक पाऊल मागे सरकायचो.

"सायेब, हलू नगा!" हौसेराव तिकडून ओरडायचा. "खांब कदी हलतो व्हय?"

"अहो, त्या अंगावर येतात!"

"येऊ द्या की! आपल्याच पोरी हायत!"

तिसऱ्या शनिवारी राजेश्वरीनं पाठलाग करताना खांबाजवळच्या मुलीवर झेप घेतली. एका हातानं खांब धरायचा आणि दुसरा हात पुढे टाकून गडी टिपायचा, अशी ती झेप असते. तिनं एका हातानं मला धरलं. गडी बाद झाला. मीही झालो. कोपर, गुडघा आणि ऑफिसची एकुलती एक चांगली पँट, तिन्ही एकदम फाटली. राजेश्वरी घाबरून उभी राहिली. मी जमिनीवरूनच विचारलं, "आउट झाली ना ती?" तेव्हापासून मुली मला खांबकाका म्हणू लागल्या. ईश्वरीनं आधी विरोध केला, मग तीही म्हणू लागली. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षांनी "आपले खांबकाका" असा माझा उल्लेख केला तेव्हा मात्र मी इतिवृत्तात नापसंती नोंदवली.

पण खरं सांगू? मी शनिवारची वाट बघू लागलो होतो. सराव संपला की मी आणि हौसेराव त्या बिनदिव्याच्या खांबाच्या ओट्यावर बसायचो. तो घरून डब्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी आणायचा, मी सुनीतीचे पोहे. राजेश्वरीनं पुढं खेळावं, कुठल्या तरी मोठ्या संघात जावं, हे त्याच्या मनात होतं. बोलायचा नाही. फक्त म्हणायचा, "डिसेंबरच्या स्पर्धेत नीट खेळली म्हंजी झालं."

डिसेंबरात आंतरशालेय स्पर्धा नेरुळला झाली. बारा शाळा. आमच्या मुलींनी पहिले दोन सामने जिंकले, आणि कसे? संरक्षण करताना आमची प्रत्येक मुलगी मैदानाच्या मधोमध आली की एकदम झोकांडी खाऊन वळायची. पाठलाग करणाऱ्या मुलींना कळेचना की या अशा का वळताहेत. त्या फसत राहिल्या. शेजारचे प्रशिक्षक विजयमालाबाईंना म्हणाले, "मॅडम, हे नवीन तंत्र दिसतंय." विजयमालाबाई गंभीरपणे म्हणाल्या, "हो. चार महिने बसवतोय." चार महिने त्या मुली लोखंडी खांब चुकवत खेळल्या होत्या, पायांना ती सवय लागली होती, एवढंच ते तंत्र.

उपांत्य सामन्यात तीच सवय नडली. शेवटची वीस सेकंदं. एक गुण कमी होता. समोरच्या संघाची शेवटची मुलगी पळत होती आणि राजेश्वरी तिच्या मागे, हातभर अंतरावर. मी उभा राहिलो. हौसेराव तर केव्हाच उभा होता. मैदानाचा मध्य आला आणि राजेश्वरी बाहेरच्या बाजूला झुकली. तिथं ओटा नव्हता, खांब नव्हता, मोकळी माती होती. तिचा हात त्या मुलीच्या पाठीपासून वीतभर लांब राहिला. शिट्टी झाली.

हौसेराव खाली बसला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. मैदानात इतक्या मुली रडत होत्या, पण तो खांब कुणाच्या अर्जानं आला होता हे मला ठाऊक होतं. शिंकेचं, पँटचं, खांबकाकांचं सगळं हसू होतं. हे हसू नव्हतं.

परतीच्या टेम्पोत कुणी गाणी म्हटली नाहीत. पाम बीच रस्ता लागला तेव्हा राजेश्वरी पहिल्यांदा बोलली. "उज्वलाबाई, सावली तर आपन रोज मोजतो. त्यो खांब केवढा हाय ते कदी मोजलंच न्हाई."

"लिहिलंय ना, नऊ मीटर," ईश्वरी म्हणाली.

"लिवलंय. मोजलंय कुनी?"

उज्वलाबाई तिच्याकडे वळल्या. मग हळूच म्हणाल्या, "सोमवारी मोजू."

सोमवारी मुलींनी मैदानात एक मीटरची पट्टी उभी धरली. पट्टीची सावली आणि खांबाची सावली एकाच वेळी मोजली. पट्टीच्या सावलीच्या जितके पट खांबाची सावली, तितके मीटर खांब. पुस्तकात हा धडा तीन ओळींचा आहे. मुलींनी सहा दिवस सहा वेगळ्या वेळांना तो केला. प्रत्येक वेळी उत्तर सहा मीटर चाळीस सेंटीमीटरच्या आगेमागे.

मी मोठेपणानं म्हणालो, "बाळांनो, उरलेला जमिनीत असणार."

"काका, अडीच मीटर?" राजेश्वरी म्हणाली. "खड्डा खनला तवा मी हितंच हुते. माझ्या कमरंएवढाच हुता."

त्यांनी पत्र लिहिलं. मी त्यात एक स्वल्पविरामही बदलला नाही. 'आपल्या खांबावर ९ मी. असे लिहिले आहे. आम्ही तो सहा वेळा मोजला. जमिनीवर ६ मीटर ४० सेंटीमीटर भरतो. खड्डा कमरेएवढा होता, हे आमच्या वर्गातील मुलीने पाहिले आहे. आमची मोजण्यात चूक होत असल्यास कृपया आपण स्वतः येऊन आम्हाला शिकवावे. सोबत आलेख व श्रीमती मालतीबाई यांच्या नोंदवहीची प्रत. आपल्या नम्र, इयत्ता नववी ब.'

मी बाराव्यांदा त्या कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. आलेख उलटा धरून वाचला. मग उठून आत गेले. आतून एक साहेब बाहेर आले, त्यांनी मला चहा विचारला. अकरा फेऱ्यांत कुणी पाणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली आणि खांब उपटून घेऊन गेली. जाताना साहेब स्वतः म्हणाले, "चुकीच्या जागी लागला होता. तुमचे ते लाकडी खांब लावून घ्या. परवानगीचं मी बघतो." विजयमालाबाईंनी त्यांच्या हातून तिथल्या तिथं तसं लिहून घेतलं. आणि मुलींनी गाडी निघायच्या आत आडव्या खांबाला टेप लावलीच. टोकापासून टोकापर्यंत साडेसात मीटर. साहेबांनी ते बघितलं नाही, किंवा बघितलं आणि आभाळाकडे नजर वळवली.

पुढच्या रविवारी हौसेराव मार्केटमधले पाच गडी घेऊन आला. बाभळीचे दोन घोटीव खांब त्यांनी खांद्यावरून आणले आणि तासाभरात रोवले. मला कुणी हात लावू दिला नाही. "सायेब, तुमी बसा," हौसेराव म्हणाला. "तुमी लई उभं ऱ्हायलाय."

दुःख एकट्या मालतीबाईंना झालं. वेध गेला, पण वही अर्धी राहिली. जानेवारी होता, सावली परत आखडायला लागली होती, आणि नेमका खांबच नाहीसा झाला. त्या वही छातीशी धरून शाळेत आल्या. ईश्वरी म्हणाली, "आजी, नवीन खांब एक मीटर वीसचा आहे. त्याची सावली मोजायची आणि जुन्या खांबाच्या मापात बदलायची. गुणाकार मी करते." मालतीबाई म्हणाल्या, "गुणाकार मला येतो. तू दर शनिवारी तपासायला ये." ईश्वरी गेली. दहावीतही जात राहिली. आता ती पुण्याला भौतिकशास्त्र शिकते आणि सुट्टीत आली की आधी तिकडे जाते, मग घरी.

फेब्रुवारीत विजयमालाबाईंनी नेरुळला आम्हाला हरवलेल्या त्याच संघाला आमच्या मैदानावर बोलावलं. राजेश्वरीनं त्या दिवशी खऱ्या खांबावर चार झेपा टाकल्या, चारही गडी टिपले. आम्ही तीन गुणांनी जिंकलो. ढाल नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. सुनीतीनं सगळ्यांना कोकम सरबत दिलं. राजेश्वरी पुढं साताऱ्याच्या एका संघात गेली, आजही खेळते. मी अधूनमधून हौसेरावला फोन करून गुण विचारतो. त्याला तोंडपाठ असतात.

त्या वर्षाची अखेर निकालाच्या दिवशी झाली. मी आणि हौसेराव शेवटच्या रांगेत बसलो होतो. मुख्याध्यापिका वार्षिक अहवाल वाचत होत्या. रंगरंगोटी, ग्रंथालय, वृक्षारोपण. मी कान टवकारून माझ्या नावाची वाट बघत होतो. फाटक्या पँटचा नाही, निदान बारा फेऱ्यांचा तरी उल्लेख होईल, असं मला वाटत होतं. मग ते वाक्य आलं: "चालू वर्षी विज्ञान व क्रीडा या विभागांत समाधानकारक प्रगती झाली असून शनिवारचे दोन्ही तास पुढील वर्षीही कायम राहतील."

झालं. त्या पुढच्या परिच्छेदाकडे वळल्या. कुणी टाळी वाजवली नाही. पालक मोबाइलमध्ये होते.

हौसेरावनं मला कोपरानं ढोसलं. "सायेब, ह्ये आपलंच का?"

"आपलंच," मी म्हणालो.

त्यानं दोन्ही हात वर उचलले आणि एकट्यानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आयुष्यभर पोती उचललेले तळवे होते ते. सगळं सभागृह मागं वळून बघू लागलं. मग मुलींच्या बाजूनं राजेश्वरी उठली, ईश्वरी उठली, अख्खी नववी 'ब' उठली. मीही वाजवू लागलो. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला, कागद खाली ठेवला आणि पाण्याच्या टाकीबद्दलचं पुढचं वाक्य वाचायला त्या बराच वेळ थांबून राहिल्या.